सी प्रोग्राम पडला की नेमकी ओळ कशी शोधायची

देवगडला आंब्याच्या पेट्यांचं वजन नोंदवणारा माझा सी मधला प्रोग्राम छोट्या लायनक्स पीसीवर चालतो, आणि भर हंगामात रात्री सेगफॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याची चूक) होऊन आडवा व्हायचा. रात्रभर तिथे डीबगर लावून कोण बसणार, म्हणून ठरवलं की पडताना त्यानेच स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनमधून कुठे गेलो याची यादी, लिहून जायचं.

कंपाइल करताना डॅश जी (-g) द्या, म्हणजे ओळींची माहिती फाइलमध्ये राहते. प्रोग्राम हळू होत नाही, फाइल जाड होते इतकंच.

सेगफॉल्टला सिग्नल हँडलर (पडताना चालणारं आपलं फंक्शन) लावा, त्यात जीलिबसीचं, म्हणजे लायनक्सवरच्या सी लायब्ररीचं, बॅकट्रेस आणि मग बॅकट्रेस सिम्बॉल्स एफडी (backtrace_symbols_fd). एफडीवालंच घ्या, नुसतं बॅकट्रेस सिम्बॉल्स मॅलॉक करतं, म्हणजे मेमरी मागतं, आणि पडझड मॅलॉकमध्येच झाली असेल तर प्रोग्राम तिथेच लटकतो. प्रिंटएफ पण नको, कुणी कितीही सांगो. बॅकट्रेस मेनच्या सुरुवातीला एकदा उगाच कॉल करून ठेवा, पहिल्या कॉलला लिबजीसीसी ही लायब्ररी लोड होते आणि त्यातही मॅलॉक येतं. हँडलरच्या शेवटी सिग्नल डीफॉल्टवर टाकून पुन्हा रेज करा, म्हणजे प्रोग्राम नेहमीसारखा पडतो.

आता खरी गोची. ट्रेसच्या प्रत्येक ओळीत दोन आकडे येतात, एक गोल कंसात अधिक चिन्हापुढे छोटा, एक चौकोनी कंसात लांबलचक. मी तो लांबलचक ॲड्र-टू-लाईनला (addr2line, पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणारं टूल) देत बसलो, उत्तर काय तर नुसती प्रश्नचिन्हं, राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं तेवढं बाकी होतं! हल्ली बहुतेक ठिकाणी जीसीसी कंपायलर पाय (PIE) प्रकारची बायनरी बनवतो, ती दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसते, त्यामुळे लांबलचक पत्ता त्या एका रनपुरताच. गोल कंसातला द्या, सोबत डॅश एफ (-f) आणि डॅश आय (-i), म्हणजे फंक्शनचं नाव आणि इनलाइन झालेली, म्हणजे कॉलच्या जागीच मिसळलेली, फंक्शन्सही दिसतात.

आणि जो तो सांगतो, ट्रेसमध्ये फंक्शनची नावं यावीत म्हणून लिंक करताना आर-डायनॅमिक (-rdynamic) लावा. ॲड्र-टू-लाईन वापरणार असाल तर अजिबात लावू नका. मग गोल कंसात फंक्शनचं नाव येतं आणि आकडा त्या फंक्शनच्या सुरुवातीपासूनचा होतो, तो दिलात तर भलतंच काहीतरी मिळतं. स्टॅटिक फंक्शनची नावं तर तरीही येत नाहीत.

बायनरी तीच हवी, जी पडली ती. मी एकदा घरी नवीन बिल्ड करून तिच्यावर आकडे टाकले आणि दिवसभर एका निर्दोष फंक्शनशी भांडलो.

सगळ्यात वर हँडलर, मग लिबसीच्या ओळी, त्यांच्याखाली आपल्या प्रोग्रामचं नाव असलेली पहिली ओळ बघायची. पडझड लिबसीच्या फंक्शनमध्ये झाली असेल तर तिथला पत्ता परतीचा असतो, म्हणजे कॉलच्या पुढचा, म्हणून एक वजा करून द्या नाहीतर कधीकधी पुढचीच ओळ दाखवतो; थेट आपल्याच कोडमध्ये पडला असेल तर त्या ओळीचा पत्ता तसाच द्या. माझ्याकडे तेच झालेलं. वजा केल्यावर कळलं, काट्याची केबल सैल झाली की रिकामी ओळ यायची, आणि ओळीचे तुकडे करणाऱ्या स्ट्रटोकने (strtok) दिलेला नल, म्हणजे रिकामा पत्ता, मी तसाच मजकुराचा आकडा करणाऱ्या ॲटॉफला (atof) देत होतो.