जुन्या प्लेअरवर मराठी गाणी भरायची, तर आधी टॅग दुरुस्त करा

खणात पडलेला जुना एमपीथ्री प्लेअर बाहेर काढून त्यात घरातली मराठी गाणी भरायची म्हटलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो. कार्ड फॉरमॅट करा, फोल्डर ओढून टाका, झालं. झालं काहीच नसतं. प्लेअर चालू केला की कलाकारांच्या यादीत भीमसेन जोशी पाच वेळा दिसतात, तुकोबांचे अभंग ‘ब्लूज’ या सदरात जाऊन बसलेले असतात, निम्म्या गाण्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन असतात आणि गीतरामायणात राम आधी वनवासाला निघतो, जन्माला नंतर येतो. मग लोक प्लेअरला नावं ठेवतात आणि तो परत खणात जातो.

प्लेअर बिचारा फाइलीत लिहिलंय तेच दाखवतो. प्रत्येक एमपीथ्री फाइलच्या पोटात गाण्याचं नाव, गायक, अल्बम, क्रमांक यांची एक चिठ्ठी असते. तोच टॅग. तुमचा प्लेअर कितीही साधा असो, खरं काम या चिठ्ठ्यांवर आहे. माझ्याकडे २००९ साली आलेला सान्सा क्लिप प्लस आहे आणि त्यावर रॉकबॉक्स, म्हणजे प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारं दुसरं सॉफ्टवेअर. पण खालचं जवळजवळ सगळं कुठल्याही प्लेअरला लागू पडतं.

तयारी

गाणी एका फोल्डरमध्ये घ्या, त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि त्या प्रतीला हात लावू नका. कार्ड फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी हा पर्याय देत नसेल तर रुफस हे फॉरमॅट करणारं सॉफ्टवेअर वापरा. १२८ किलोबिटची एमपीथ्री फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या मोठ्या फाइलीत, बदलण्याच्या भानगडीत पडू नका, ते झेरॉक्सला लॅमिनेशन केल्यासारखं आहे. टॅगच्या कामासाठी एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर घ्या, विंडोजवर ते फुकट आहे.

जुन्या आयपॉडमधून गाणी परत काढणार असाल तर फाइलींची नावं बघून दचकू नका. आयट्यून्स त्यांना चार अक्षरांची अर्थहीन नावं देऊन लपवलेल्या फोल्डरांत विखरून ठेवतं. कुठलं गाणं कुठलं, हे तिथे फक्त टॅग सांगतो.

टॅग

एका क्लिकमध्ये सगळे टॅग आपोआप भरून देणारी सॉफ्टवेअरं असतात. इंग्रजी अल्बमसाठी ती बरी आहेत. मराठी संग्रहावर ती चालवू नका. मी एकदा रात्री साडेअकराला असं एक सॉफ्टवेअर अख्ख्या फोल्डरवर सोडलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर नाट्यगीतांचा एक आख्खा संच कुठल्याशा परदेशी जॅझ चमूच्या नावावर, कारण गाण्यांची संख्या आणि लांबी जुळली होती. वर फाइलींची नावंही त्याने बदलून टाकली होती. सांभाळून ठेवलेली प्रत तेव्हा नव्हती, म्हणून वरची सूचना. दोन रविवार निस्तरण्यात गेले. मामाने कॅसेटवर भरून घेतलेली एक घरगुती मैफल होती, तिच्यातली एक चीज आजही माझ्याकडे ‘ट्रॅक ०७’ या नावानेच आहे. मामा गेला, आता सांगणार कोण?

तेव्हा टॅग हातानेच भरायचे. फायद्याची गोष्ट अशी की फाइलींची नावं धड असतील तर एमपीथ्रीटॅग नावावरून टॅग भरून देतो, शेकडो फाइलींना एकदम. आपण फक्त गायक, गाणं, क्रमांक यांचा नमुना सांगायचा.

आधी गचाळ अक्षरांचा बंदोबस्त. टॅगमध्ये मराठीच्या जागी भलतंच काही दिसत असेल तर रोग तीनपैकी एक असतो आणि तिन्हींवरचं औषध वेगळं आहे.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ दर तिसऱ्या जागी येतोय आणि त्याच्या मागे चार टोकं फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह आहे, असं दिसलं तर खुशाल हसा. तुमचं मराठी शाबूत आहे. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपींना सामावणाऱ्या युनिकोडच्या एका रूपात, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ते तीन बाइट कुणीतरी तीन वेगळी पाश्चात्त्य अक्षरं समजून वाचलेत, इतकंच. व्यंजनं बहुतेक वर्तुळवाल्या गटात पडतात, हलन्त आणि बऱ्याच मात्रा येनवाल्या गटात. एमपीथ्रीटॅगच्या अ‍ॅक्शन्समध्ये कोडपेज, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर याचा तक्ता, बदलण्याची सोय आहे. तिथे युटीएफ-८ निवडून एका फाइलवर करून बघा, जमलं तर बाकीच्यांवर करा. मध्ये मध्ये प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र सावध. हलन्ताचा तिसरा बाइट विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य कोडपेजमध्ये कुठल्याच अक्षराला दिलेला नाही. काही प्रोग्राम तिथे प्रश्नचिन्ह ठोकून मोकळे होतात. तसं झालं असेल तर जोडाक्षरं गेली, ती हातानेच टाइप करायची.

दुसरा रोग: रोमन अक्षरं आणि चिन्हांची मिसळ, पण तो तिरक्या रेघेचा ‘ए’ ठरावीक अंतराने येत नाही. हे युनिकोडच्या आधीचं मराठी आहे, श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटात टाइप केलेलं. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी वळणं बसवलेली असायची, त्यामुळे फाँट काढला की उरते ती मिसळ. कोडपेज बदलून काहीही होणार नाही, उगाच संध्याकाळ घालवू नका. त्या त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर मिळाला तर वापरा, नाहीतर गाणं ऐका आणि नाव लिहा.

तिसरा: नुसती प्रश्नचिन्हांची रांग. इथे मूळ मजकूर पुसला गेलाय. गाणं ऐका आणि नाव लिहा.

यानंतर टॅगची आवृत्ती, आणि मी सगळ्यात जास्त ठेचकाळलो ते इथेच. एकाच फाइलमध्ये दोन-तीन चिठ्ठ्या असू शकतात. आयडीथ्रीची, म्हणजे एमपीथ्रीतल्या टॅगच्या ठरलेल्या साच्याची, पहिली आवृत्ती फाइलच्या शेवटी १२८ बाइटमध्ये बसवलेली असते आणि तिच्यात गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट मिळतात. म्हणजे मराठीची जेमतेम दहा चिन्हं, मात्रा आणि हलन्त धरून. गाण्याचा प्रकार तिच्यात एका आकड्याने नोंदवतात आणि शून्य म्हणजे ब्लूज. कुणी तो रकाना शून्याने भरून ठेवला की अभंग ब्लूज होतात! या जोडीला सुरुवातीला दुसऱ्या आवृत्तीचा टॅग, कधी एपीई नावाचा तिसराही. तुम्ही संगणकावर एक चिठ्ठी दुरुस्त करता आणि प्लेअर दुसरीच वाचतो. मी महिनाभर असाच डोकं आपटत होतो. संगणकावर सगळं स्वच्छ, प्लेअरवर तीच घाण.

उपाय असा. एमपीथ्रीटॅगच्या ऑप्शन्समध्ये टॅग्ज, त्यात एमपेग. लिहिण्याच्या रकान्यात फक्त आयडीथ्री २.३ आणि युटीएफ-१६ ठेवा. काढून टाकण्याच्या रकान्यात सगळ्यांवर खूण करा. मग फाइली निवडून टॅग कट करा आणि लगेच त्याच फाइलींवर पेस्ट करा. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या जातात आणि एकच नवी बसते. पहिल्यांदा दहा फाइलींवरच करा. २.४ ही आवृत्ती नवी, म्हणून चांगली, असं कुणी सांगेल. जुन्या प्लेअरसाठी ऐकू नका. २.३ जवळजवळ सगळेच वाचतात, २.४ बऱ्याच जुन्यांना कळत नाही.

आता नावं. कलाकाराच्या रकान्यात ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पं.भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भारतरत्न पं. भीमसेन जोशी’ आणि नुसतं ‘भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या लेखी पाच गायक आहेत. माझा नियम: पदवी लावायची नाही. पंडितजींचा मान मनात ठेवा, टॅगमध्ये नको. किशोरी आमोणकरांनाही तेच.

पदव्या काढल्या तरी काही जुळी उरतात, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. ‘दुःख’ एकाने विसर्ग देऊन लिहिलेलं असतं, दुसऱ्याने कोलन देऊन. ‘ॲ’ एका चिन्हाचा असतो किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून केलेला. ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो, त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं. आणि नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा तर सर्रास. पडद्यावर सगळं एकसारखं दिसतं, यादीत दोन नोंदी होतात. यावर मी नावांची वही ठेवलीय. म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक गायक-संगीतकाराचं नाव एकदाच लिहिलेलं. टॅगमध्ये नाव टाइप करायचंच नाही, वहीतून उचलून चिकटवायचं.

‘अल्बम कलाकार’ हा वेगळा रकाना आहे आणि लोक तो रिकामा सोडतात. नाट्यगीतांच्या एका संचात आठ गायक असतील आणि हा रकाना रिकामा असेल, तर बरेच प्लेअर त्या संचाचे आठ तुकडे करतात. तिथे सगळ्या फाइलींना एकच नाव द्या. मी ‘विविध’ लिहितो. संगीतकार त्याच्या रकान्यात, कवी असला तर टिप्पणीत.

क्रमांकही भरा, आणि पुढे शून्य लावून. नाहीतर १ नंतर १० येतो. गीतरामायणाची ५६ गाणी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून कथेच्या क्रमाने प्रसारित झाली. ती अकारविल्हे ऐकण्यात काय हशील? ०१ ते ५६, फाइलीच्या नावातही आणि टॅगमध्येही. अगदी स्वस्तातले प्लेअर टॅग बघतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फाइली पडल्या त्या क्रमाने वाजवतात. तसा असेल तर फाइली क्रमाने कॉपी करा किंवा लिनक्सवर कार्डावरचा क्रम लावणारं फॅटसॉर्ट चालवा.

प्लेअरला मराठी येतं का?

सगळा संग्रह टाकण्याआधी एक गाणं टाका आणि त्याचं नाव ‘वऱ्हाडातील विठ्ठल, दुःख, श्री’ असं ठेवा. चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही. अक्षरं दिसली पण ‘वि’ची वेलांटी व-च्या मागे जाऊन उभी राहिली आणि ‘ठ्ठ’चा पाय मोडून हलन्त लटकला, तर फाँट आहे, अक्षरं जुळवण्याची अक्कल नाही. रॉकबॉक्समध्ये युनिफाँट निवडला की माझ्या क्लिपवर असंच दिसतं. अक्षर ओळखू येतं, पण त्या इवल्याशा पडद्यावर, १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या, वाचताना डोळ्यांना कष्ट पडतात.

माझा पर्याय काहींना पटणार नाही. अशा प्लेअरसाठी मी फाइलींची नावं आणि टॅग रोमन लिपीत ठेवतो, आणि देवनागरी टॅगचा संग्रह संगणकावर वेगळा. मोडक्या मराठीपेक्षा ते बरं. पण रोमन लिहायचं तर ‘आ’साठी एक ‘ए’ की दोन, हे एकदाच ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. नाहीतर आशाताई दोन होतात.

बाकीचं

आवाज सारखा करून घ्या. कॅसेटवरून उतरवलेला अभंग ऐकताना आवाज वाढवावा लागतो, आणि पुढचं नवं सिनेमातलं गाणं कानात फटाका फोडतं. एमपीथ्रीगेन हे सॉफ्टवेअर सगळ्यांना ८९ डेसिबलवर आणतं. गाणं पुन्हा एन्कोड होत नाही, आवाजाचा आकडा फक्त दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, त्यामुळे दर्जा जात नाही. राग आणि मैफलींना ‘अल्बम’ पर्याय वापरा, नाहीतर विलंबित आणि द्रुत सारख्याच आवाजात येतात.

मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० च्या आत, साधं जेपीईजी. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे टप्प्याटप्प्याने उमटणारं जेपीईजी रॉकबॉक्सला चालत नाही.

रॉकबॉक्स त्यांच्या युटिलिटीने दहा मिनिटांत बसतं आणि क्लिप प्लसमधलं मूळ सॉफ्टवेअरही जागेवर राहतं.

कॉपी करा, इजेक्ट करून कार्ड काढा, प्लेअरवर डेटाबेस नव्याने बांधा. मग कलाकारांची यादी वरपासून खालपर्यंत एकदा बघा. कुणी दोनदा दिसला तर प्लेअरवर काही करता येत नाही. संगणकावर जा, वहीतून नाव चिकटवा, तेवढ्याच फाइली परत टाका.

दुरुस्त केलेला फोल्डर कॉपी झाल्यावर पुसू नका. माझं पहिलं कार्ड दीड वर्षात बसलं, त्याआधी कुरकुरलंसुद्धा नाही. दुकानातून नवं आणलं, लावलं, चहा होईपर्यंत निम्मी गाणी त्यावर जाऊन बसली होती.