कोरड्या डोंगराळ हवामानातील हिरवळ

कोरड्या, उंच डोंगराळ भागात हिरवळ टिकवायची असेल, तर सर्वाधिक लक्ष पाणी देण्याच्या पद्धतीकडे द्यावे, कारण रोज थोडे थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात आणि प्रखर उन्हात गवत लवकर करपते. त्याऐवजी पहाटे, माती सुमारे १५ सेंटिमीटर खोल भिजेल इतके पाणी द्यावे आणि वरचा थर सुकल्यावरच पुन्हा द्यावे. उतारावर मात्र ते थांबून थांबून सोडावे, म्हणजे वाहून न जाता मुरते. खोल मुळांचे टॉल फेस्क्यू हे गवत मला अशा ठिकाणी अधिक योग्य वाटते. गवत ७ ते ८ सेंटिमीटर उंच ठेवावे. हिवाळा बर्फाविना कोरडा गेल्यास, जमीन गोठलेली नसताना, अधूनमधून दुपारी पाणी अवश्य द्यावे.