रोज सायकल चालवता? मग हवा, चेन आणि विमा एकाच बैठकीत बघा

माझी सायकल चोरीला गेली तेव्हा क्लेमच्या फॉर्मवर तीन गोष्टी विचारल्या होत्या, फ्रेमचा नंबर काय, कुलूप कुठलं आणि ते कशाकशातून अडकवलं होतं. मला फक्त कुलूप कुठलं ते सांगता आलं. ते मी पुढच्या चाकातून घातलं होतं, चोराने चाक तिथेच सोडलं आणि बाकी सगळी सायकल नेली, आणि पॉलिसीत चक्क लिहिलेलं होतं की कुलूप फ्रेममधून गेलेलं पाहिजे, त्यामुळे क्लेम नामंजूर. तीन वर्षं रोज चालवलेली सायकल होती, खूप वाईट वाटलं. तेव्हापासून हवा, चेन, ब्रेक आणि कागद हे सगळं मी आठवड्यातून एकदा एकाच बैठकीत करतो, पंधरा-वीस मिनिटं लागतात, ते कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात हवेपासून. पंक्चर नसलं तरी ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, आणि रोड बाइकचा टायर बारीक असल्यामुळे त्यात मुळात हवा कमी मावते, म्हणून आठवड्याभरात फरक पडतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, मीटर असलेला उभा पंप घ्या. टायरच्या बाजूला जो आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा, तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही, बरेच लोक इथेच चुकतात आणि मग हात झिणझिणतात म्हणून तक्रार करतात. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल आणि टायर २८ मिमी असेल तर मागे साधारण ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या मीटरवर दिसतं) आणि पुढे चार-पाच पीएसआय कमी, इथून सुरू करा आणि मग स्वतःच्या रस्त्याप्रमाणे कमी-जास्त करा. २५ मिमीला थोडी जास्त लागते. रिम हुकलेस असेल (म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली वळलेली कड नसेल) तर मात्र ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर जायचं नाही, आणि टायर-रिमवर त्याहून कमी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळायची. टायरवर २८-६२२ असंही लिहिलेलं दिसेल, २८ म्हणजे रुंदी आणि ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये, नवीन ट्यूब घेताना हाच आकडा सांगा म्हणजे चुकीची येणार नाही.

पंक्चर झालं की ट्यूब बदलायच्या आधी काटा शोधा!! टायरच्या आतून सगळीकडे फडकं फिरवा (नुसतं बोट फिरवलं तर काच लागू शकते), काटा तसाच राहिला तर नवीन ट्यूबही दोन मिनिटांत जाते. नवीन ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच थोडी हवा भरून ती आत घाला, टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला घ्या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा, म्हणजे बाकीची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरते आणि शेवटचा घट्ट भाग हातानेच चढतो. पूर्ण हवा भरायच्या आधी ट्यूब कुठे चिमटीत अडकली नाही ना ते दोन्ही बाजूंनी गोल फिरवून बघा.

आता चेन, माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा जातात. चेन आधी कोरड्या फडक्याने पुसायची, फारच काळी असेल तर डिग्रीझरने धुऊन पूर्ण वाळवायची, मग पेडल उलटं फिरवत खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर (दुव्याच्या दोन पट्ट्यांमधल्या गोल नळीवर) एकेक थेंब ऑइल सोडायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं आणि मग बाहेरून सगळं पुसून काढायचं. हे पुसणं लोक सोडून देतात. ऑइलचं काम आत पिन आणि रोलरमध्ये असतं, बाहेर जे उरतं ते फक्त धूळ धरतं, आणि धूळ अधिक ऑइल म्हणजे अक्षरशः पॉलिश पेपरची पेस्ट. पावसात वेट ल्यूब, कोरड्या हवेत ड्राय ल्यूब किंवा वॅक्स, आणि गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं ऑइल नव्हे, तो मारून गाडी हाकू नका.

चेन ताणली असं आपण म्हणतो पण लोखंड काही ताणलं जात नाही, प्रत्येक पिनपाशी झीज होऊन थोडी-थोडी फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. मोजायला साधी स्टीलची पट्टी चालते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, नव्या चेनमध्ये २४ दुवे पुढची पिन बरोबर १२ इंचावर येते. ती १२ इंचाच्या पुढे १/१६ इंच गेली म्हणजे साधारण अर्धा टक्का झीज, ११ किंवा १२ स्पीडची (म्हणजे मागे तेवढ्या दातेरी चकत्या असलेली) चेन असेल तर लगेच बदला, ८ ते १० स्पीडची पाऊण टक्क्यापर्यंत चालते. १/८ इंच गेली तर उशीर झालाय, तोपर्यंत कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या त्या चकत्यांच्या संचाचे) दातही त्या लांबलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात आणि नवीन चेन टाकली की जोर लावल्यावर ती सटकते, मग चेनबरोबर कॅसेटही घ्यावी लागते जी कितीतरी महाग.

ब्रेक. रिम ब्रेकच्या पॅडवर खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की पॅड बदला, आणि पॅडमध्ये रुतलेले बारीक खडे टोकाने काढून टाका नाहीतर रिम खातात. डिस्क ब्रेक असेल तर रोटरवर (चाकाच्या मध्यावरच्या धातूच्या चकतीवर) किमान जाडी कोरलेली असते, बऱ्याच रोटरना ती १.५ मिमी असते. चेनचं ऑइल रोटरवर अजिबात उडू देऊ नका, पॅडने तेल पिलं की बहुतेक वेळा ते फेकावेच लागतात. मग चाक उचलून फिरवा, डावी-उजवीकडे डोलत असेल तर आऊट झालंय, ते मेकॅनिककडे द्या, अर्धवट शिकून स्पोक पिळत बसू नका. गियर नीट बसत नसेल, टकटक करत असेल, तर मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबल आत जाते तिथला गोल स्क्रू, पाव-पाव फेरी फिरवून बघा, चेन मोठ्या चकतीवर चढत नसेल तर घड्याळाच्या उलट दिशेने. स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट बहुतेक ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतात, पार्टवर छापलेलं असतं, कार्बन असेल तर टॉर्क पान्याशिवाय (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) हात लावू नका. आणि डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे विसरून क्रँकचा (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचा) आटा घालवणारे खूप आहेत.

रस्त्यावर दोन-तीनच गोष्टी, पण रोज पाळायच्या. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवा, साधारण एक मीटर तरी, त्यासाठी लेनच्या मध्याकडे यावं लागलं तरी या, कडेला चिकटून चालवलं की मागचे कमी जागेतून घुसतात. वळणाऱ्या ट्रक-बसच्या आतल्या बाजूने कधीच पुढे जाऊ नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. थांबायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे, घाबरून तो टाळू नका, वजन मागे नेत सावकाश दाबायची सवय करा. ओल्यात पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं यांच्यावर वळायचं किंवा ब्रेक मारायचा नाही, रूळ काटकोनातच ओलांडायचे.

आता विमा. आत्ता उठा, सायकल उलटी करा, बहुतेक सायकलींचा फ्रेम नंबर पेडलच्या एक्सलखाली, बॉटम ब्रॅकेटवर असतो, त्याचा फोटो काढा, मग पूर्ण सायकलचा, बिलाचा, कुलपाचा आणि कुलपाच्या बिलाचा, आणि हे सगळं स्वतःलाच मेल करून ठेवा. घराच्या विम्यात सायकल धरलेली असू शकते पण एका वस्तूला किती रक्कम याची मर्यादा असते आणि घराबाहेरची चोरी त्यात असेलच असं नाही, ते आधी विचारा. पॉलिसी घेताना हे बघा: कुलूप कुठल्या दर्जाचं मागितलंय, फ्रेम पक्क्या जागी अडकवायची अट आहे का, बाहेर किती तास उभी केली तर चालते, पैसे नवीन सायकलचे मिळणार की घसारा वजा करून, प्रत्येक क्लेममध्ये पहिली किती रक्कम आपल्या खिशातून, आणि लाईट, सायकल कॉम्प्युटरसारखी ॲक्सेसरी धरलीय का. शर्यत आणि डिलिव्हरीचं काम बऱ्याचदा वगळलेलं असतं. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारं थर्ड पार्टी कव्हर असेल तर जरूर घ्या, सायकलपेक्षा तो खर्च कितीतरी मोठा होऊ शकतो.

हप्ता वाचवायला किंमत कमी लिहू नका. सायकलच्या अर्ध्या किमतीचाच विमा असेल तर काही कंपन्या छोट्या नुकसानीचेही अर्धेच पैसे देतात. आणि झीज कुठल्याच साध्या पॉलिसीत येत नाही, घासलेली चेन, गंजलेली केबल हे तुमचंच, उलट देखभाल केली नाही म्हणून अपघाताचा क्लेमही अडू शकतो, म्हणून मी सर्व्हिसिंगची बिलं त्याच मेलमध्ये टाकत जातो.

चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसात तक्रार आणि कंपनीला कळवणं, दोन्हीला मुदत असते. पडलात तर आधी स्वतःला बघा, मग जागेवरच फोटो. कार्बनची फ्रेम किंवा फोर्क आपटला असेल तर वरून ठीक दिसला तरी तपासून घेतल्याशिवाय चालवू नका, हेल्मेट आपटलं असेल तर बदला, पण क्लेम पूर्ण होईपर्यंत जुनं हेल्मेट, वाकलेलं चाक, तुटलेला लिव्हर यातलं काहीही फेकू नका, कंपनी ते बघायला मागू शकते.