अमेरिकी मोटरहोम युरोपात नेण्यापूर्वी
अमेरिकेत तयार झालेले मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, युरोपीय संघातील देशात नोंदवायचे असेल, तर सौदा पक्का करण्यापूर्वी टेप लावून गाडीची रुंदी मोजावी; अमेरिकेत १०२ इंच, म्हणजे सुमारे २.५९ मीटर रुंदी चालते, तर युरोपात सर्वसाधारण मर्यादा २.५५ मीटर आहे, आणि हे चार सेंटिमीटर कोणताही मेकॅनिक कापून देऊ शकत नाही. दिव्यांचे तसे नाही, मागचे लाल इंडिकेटर काढून नारिंगी बसवता येतात. अमेरिकेत मानकपूर्तीचे प्रमाणन उत्पादक स्वतःच करतो आणि तसे लेबल गाडीवर चिकटवतो. युरोपात मात्र सरकारी यंत्रणेची मान्यता आधी लागते, त्यामुळे ते लेबल दाखवून भागत नाही आणि बहुधा त्या एका गाडीपुरती स्वतंत्र मंजुरी काढावी लागते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आतल्या वायरिंगकडे. अमेरिकेतील १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ (विजेची वारंवारता) पुरवठ्यासाठी बनवलेला एसी किंवा मायक्रोवेव्ह नुसता प्लग बदलून युरोपातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर लावू नये. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. गॅसजोडणीला हात लावल्यास अधिकृत तंत्रज्ञाचा तपासणी दाखला घेऊन तो गाडीच्या कागदपत्रांतच ठेवावा.