चर्चच्या मंडळीत मदतगट सुरू करायचाय? मग आधी एक वही घ्या

मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं सुचतं ते तांदूळ-डाळीचं किट, नाताळात वाटायचं, फोटो काढायचे आणि जानेवारीत सगळे आपापल्या कामाला. आमच्या कळव्याच्या मंडळीतही तेच व्हायचं, म्हणून सांगते, आधी किट नको, वही घ्या.

उपासना संपली की महिला मंडळातल्या दोघी-तिघींना घेऊन बसा, कुठली म्हातारी एकटी राहते, कोणाचा नवरा गेला, कोणाचं डायलिसिस चालूय हे त्यांना पाळकसाहेबांच्याही आधी कळलेलं असतं. चाळीतले शेजारीही लिहा, धर्म कुठलाही असो. मग एकेकाकडे दोन-तीनच घरं द्या, जास्त नको, दर आठवड्याला एक फेरी आणि नाहीच जमलं तर फोन. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजच्या वाटपात डावलतात अशी कुरकुर झाली तेव्हा सात जण नेमले होते ना, तसंच.

खरं अडतं ते कागदांवर. विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे, ६५ च्या पुढच्यांना श्रावणबाळ, वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं (दिव्यांगांना ५०,००० पर्यंत चालतं), विधवांना महिना १५०० मिळतात. पण उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेलं बँक खातं हे सगळं जमवून तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहणं सत्तरीच्या बाईला एकटीला झेपत नाही हो! तरुण संघातलं एक पोरगं सोबत द्या, दाखल्यांच्या झेरॉक्स त्याच्याकडेही ठेवा, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायची आठवण त्यानेच करायची. नाहीतर पैसे अचानक बंद होतात आणि ती बिचारी बँकेच्या चकरा मारत बसते.

पैशांचं वेगळं पाकीट, दोघांच्या सह्या, महिन्याचा हिशोब कमिटीपुढे. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र उपासनेत वाचायची नाहीत, फोटोही नकोत. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ हे हेल्पलाइन नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या.

प्रार्थना करू का असं विचारा, नको म्हणाले तर नको, मदत त्यावर अडवायची नाही. आणि सामान दारात ठेवून पळू नका, दहा मिनिटं टेका, त्यांनी चहा विचारला तर नाही म्हणू नका.