गॅरेजचा दरवाजा बंदच होत नाही? सेन्सरच्या बाबतीत या चुका टाळा

मोटारीवर चालणारा गॅरेजचा दरवाजा उघडतो व्यवस्थित, पण बंद होताना थोडा खाली येऊन पुन्हा वर जातो, अशी तक्रार असेल तर आधी मोटार खोलून बसू नये. जमिनीलगत समोरासमोर बसवलेल्या दोन सेन्सरांचे काम दरवाजा बंद होतानाच असते; एक सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा तो घेतो आणि किरण मध्ये अडला की दरवाजा माघारी फिरतो.

सांगली परिसरात ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेच्या घरांत धूळ फार येते, शिवाय कोपऱ्यात कोळिष्टके असतातच. त्यामुळे प्रथम दोन्ही भिंगे मऊ, कोरड्या कापडाने पुसावीत. त्यानंतर दिवे पाहावेत. किरण घेणाऱ्या सेन्सरचा दिवा लुकलुकत असेल किंवा विझला असेल, तर सायकलच्या वा झाडूच्या धक्क्याने सेन्सर वाकडा झालेला असू शकतो. स्क्रू सैल करून दिवा स्थिर होईपर्यंत तो हळूहळू फिरवावा आणि मग घट्ट करावा. दिव्यांचे रंग व संकेत प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्याने सोबतची पुस्तिका जपून ठेवावी. दोन्ही दिवे बंद असतील तर मात्र वायर तुटली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, ते पाहावे लागते.

सकाळी नीट चालणारा दरवाजा फक्त संध्याकाळी अडत असेल, तर मावळतीचे ऊन थेट किरण घेणाऱ्या सेन्सरवर पडत असण्याचा संभव असतो. अशा वेळी नवा सेन्सर विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आहे त्याच सेन्सरवर उन्हाला छोटा आडोसा लावावा किंवा दोन्ही सेन्सरांच्या जागांची अदलाबदल करावी.

सर्वांत घातक चूक म्हणजे वायरी एकमेकींना जोडून, किंवा दोन्ही सेन्सर वर मोटारीपाशी समोरासमोर बांधून ही यंत्रणा निकामी करणे. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती स्वयंचलित दरवाज्यांना अशा अडथळा-संरक्षणाची सक्ती आहे, ती मुले दरवाज्याखाली चिरडल्याच्या घटनांमुळेच. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्यांना सेन्सर कमरेइतक्या उंचीवर बसवावेसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तेवढ्या उंचीवरचा किरण रांगणाऱ्या मुलाच्या डोक्यावरून जातो. म्हणून ते जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरच्या आतच असावेत. पुराचे पाणी लागलेले सेन्सर इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत वीज सुरू करू नये, आणि दुरुस्तीनंतर दरवाजा बंद होत असताना किरणाच्या वाटेत रिकामे खोके सरकवून तो खरोखर मागे फिरतो का, ते पाहावे.