मध्यम आकाराची मत्स्यटाकी बेताच्या खर्चात: आधी फिल्टर, मग बाकीचे

घरातल्या मत्स्यटाकीचे साहित्य घ्यायला निघालेला माणूस आधी टाकी, दिवे आणि शोभेचे दगड पसंत करतो आणि उरलेल्या पैशांत बसेल तो फिल्टर उचलतो. हा क्रम उलटा करावा. मी स्वतःसाठी आणि आप्तांसाठी आजवर पुष्कळ टाक्या उभ्या केल्या आहेत, आणि ज्या टाक्यांत मासे मेले त्यांतल्या बहुतेकांत दोष फिल्टरच्या निवडीत किंवा निगराणीत होता.

टाकी उंच घेण्यापेक्षा लांब घ्यावी. उंची वाढली की तळाजवळ पाण्याचा दाब वाढतो, म्हणून जाड काच लागते आणि खर्च वाढतो. शिवाय लांब टाकीत पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने माशांना प्राणवायू अधिक मिळतो. ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशा टाकीत काठोकाठ १४४ लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा आणि तळाची वाळू वजा करता प्रत्यक्षात सुमारे १२० लिटर उरते. वापरलेली टाकी स्वस्तात मिळाली तर जरूर घ्यावी, मात्र खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून ती दोन दिवस भरून ठेवावी. सांध्यातून थेंबभर पाणी झिरपले तरी कागदावर डाग उमटतो. स्टँडवर काटकसर करू नये, कारण काच, वाळू आणि पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या वर जाते.

आता फिल्टर. माझी पहिली मोठी टाकी मी याच टप्प्यावर गमावली, म्हणून इथे थोडे विस्ताराने सांगतो. फिल्टर म्हणजे पाण्यातला कचरा गाळणारे यंत्र, असा माझा समज होता. खरे तर कचरा गाळणे हे त्याचे दुय्यम काम आहे. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट अगदी थोड्या प्रमाणातही माशांना घातक असतात, तर नायट्रेट नियमित पाणीबदलाने आटोक्यात राहते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजच्या आणि सिरॅमिक रिंगांच्या छिद्राछिद्रांत चिकटून वाढतात. म्हणून फिल्टर घेताना आपण जिवाणूंना राहायला जागा विकत घेत असतो, आणि खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा आत स्पंज किती मावतो हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

खोक्यावर ‘ताशी इतके लिटर’ असा आकडा ठळक छापलेला असतो. तो बहुधा रिकाम्या फिल्टरवर आणि पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. आत स्पंज भरला आणि त्यावर गाळ साचला की प्रवाह बराच कमी होतो. टाकीतले पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावे, असा सर्वसाधारण हिशेब आहे. १२० लिटरसाठी हा प्रवाह ताशी ५०० ते ७०० लिटर होतो, तेव्हा खोक्यावर किमान ८०० लिहिलेला आणि प्रवाह कमी-जास्त करता येणारा फिल्टर घ्यावा.

दर महिन्याला अख्खे काडतूस, म्हणजे आतला गाळणीचा तयार संच, बदलायला लावणारे फिल्टर मी कोणालाही घेऊ देत नाही. जुने काडतूस फेकले की त्यावर वाढलेले जिवाणूही कचऱ्यात जातात, आणि नव्याचा खर्च कधी संपत नाही. हीच चूक मी वेगळ्या रीतीने केली होती. टाकी सुरू होऊन तीन महिने झाले असताना मी सगळे स्पंज नळाखाली धरून पांढरेशुभ्र होईपर्यंत धुतले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मारले, दोन दिवसांत पाणी दुधाळ झाले आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत-मिटत राहिले. त्यांतले निम्मे गेले. तेव्हापासून मी टाकीतलेच पाणी बादलीत काढतो आणि स्पंज त्यात तीन-चार वेळा पिळतो. तपकिरी गाळ सुटला आणि स्पंज हाताखाली पुन्हा फुगू लागला की तेवढे पुरे. दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुऊ नयेत.

बेताच्या खर्चात माझी पसंती निःसंकोचपणे दोन मोठ्या स्पंज फिल्टरांना आहे, दोन तोंडांच्या एका एअर पंपावर चालणाऱ्या. त्यांत बिघडण्यासारखे काही नसते आणि एक धुताना दुसऱ्यावरचे जिवाणू शाबूत राहतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी खाली उतरते. पंपाची घरघर झोपण्याच्या खोलीत नको असेल तर टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर घ्यावा, पण त्याची पाती आणि रबरी रिंग सुटी मिळते याची खात्री करूनच. वीज बरेच तास गेली तर बंद डब्यातले जिवाणू प्राणवायूअभावी मरतात. असा फिल्टर उघडून, विसळूनच पुन्हा सुरू करावा.

हीटर थंड हवेतच लागतो. लिटरमागे सुमारे १ वॅट धरून एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्यावेत, म्हणजे एक चालू अवस्थेत अडकला तरी पाणी उकळत नाही. थर्मामीटर वेगळा हवाच, आणि पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा.

दिवा साधा पांढरा एलईडी पुरतो. टायमर लावून तो सहा ते आठ तासच चालवावा, नाहीतर शेवाळ माजते.

थेंबांनी रंग बदलून दाखवणारा अमोनिया-नायट्राइट तपासणी संच, क्लोरीन घालवणारे द्रावण, सायफनची नळी आणि साबण न लागलेली बादली या चार गोष्टी शोभेच्या दगडांआधी घ्याव्यात. पाणी रात्रभर उघडे ठेवले की काम भागते हा सल्ला अपुरा आहे, कारण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) घालतात आणि ते असे उडून जात नाही.

सगळे बसवल्यावर टाकी माशांविना चालू ठेवावी आणि रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर बराच वेळ वाचतो. अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर आले आणि आठवडाभर तिथेच टिकले की पाचसहा लहान मासे सोडावेत, आणि पुढचे दोन आठवडे दिवसाआड दोन्ही तपासण्या कराव्यात.